पाण्याच्या उलट दिशेनं चला

काष्टी, श्रीगोंदा, दौंड या पट्ट्यातली माणसं चार दिवस मोकळे मिळाले की समुद्र गाठतात. अलिबाग, गणपतीपुळे, जमलंच तर गोवा. रात्री गाडी काढायची, झोपेत घाट उतरायचा आणि सकाळी लाटांत पाय घालायचे. जावंच. काळ्या रानात वाढलेल्या पोराबाळांनी समुद्र पाहिला पाहिजे. माझं मागणं एवढंच आहे की येत्या हिवाळ्यात एकदा दिवसाउजेडी निघा, महामार्ग सोडा आणि आपल्या शेताला येणाऱ्या पाण्याच्या उलट दिशेनं चला. भीमेवरून घोडनदीवर, घोडवरून कुकडीवर आणि कुकडी उगम पावते तिथून नाणेघाटानं खाली कोकणात. तीन दिवस निवांत पुरतात.

आधी पायाखालची जमीन ओळखून घ्या. गावात ज्यानं विहीर खोदली असेल त्याला विचारा, तो थर सांगेल: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मधेच कुठं गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. फुटलेल्या दगडाच्या पोकळीत पांढरे, चकाकणारे स्फटिक निघतात. हे सगळं ज्वालामुखीचं काम आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत राहिला. एक लोट थंड व्हायचा, त्याचा वरचा भाग ऊनपावसानं झिजून तांबडा पडायचा, मग त्यावर पुढचा लोट. आज हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पोरांच्या पुस्तकात ज्वालामुखी म्हणजे शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून धूर. आपला ज्वालामुखी तसा नव्हता, म्हणूनच आपण त्यावर राहतो हे आपल्या लक्षात येत नाही. ज्या काळ्या मातीवर आपला ऊस आणि कांदा उभा आहे, ती याच दगडाची झीज.

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलाचं तोंड उघडून दातांवरून वय सांगणारी माणसं आहेत. आदत कोणता, दोनदाती कोणता, जुळलेला कोणता, हे त्यांना नजरेनं कळतं. डोंगराचंही तसंच वाचता येतं. नगरकडून पश्चिमेला जाताना डोंगराच्या कुशीवर आडव्या पायऱ्या दिसतात, त्यातली एकेक पायरी बहुधा लाव्ह्याच्या एकेका लोटाची असते. एकदा ही खूण कळली की पुढचा सगळा प्रवास बोलका होतो. पोरांना गाडीत बसल्या बसल्या पायऱ्या मोजायला सांगा.

उलट दिशेला लागण्याआधी अर्धा दिवस खाली पेडगावला द्या. भीमेच्या काठावरचा बहादूरगड, ज्याला आता धर्मवीरगड म्हणतात, मोगल सरदार बहादूरखान कोकलताशच्या नावानं ओळखला जायचा. किल्ल्याच्या आत जुनी यादवकालीन मंदिरं आहेत. लक्ष्मीनारायण मंदिराच्या भिंतींवरचं कोरीव काम बघायला एक तासही कमी पडतो, आणि तो दगड तोच आहे, आपल्या विहिरीत लागतो तो. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरात पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना घाट चढवून इथंच औरंगजेबापुढं आणलं. ११ मार्चला त्यांचा वध झाला. कोकणातून देशावर येणारी ही वाट आपल्या इतिहासात किती जड पावलांनी तुडवली गेली आहे, हे पेडगावच्या तटावर उभं राहिलं की समजतं. तिथं मोठ्यानं गाणी लावू नका. पोरांना हकिगत सांगा आणि पुढं निघा.

पुढचा टप्पा इनामगाव. हे सगळ्यांत जवळचं आणि सगळ्यांत दुर्लक्षित ठिकाण आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

काष्टीच्या शेजारीच घोडनदी भीमेला मिळते. त्या घोडच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. मातीखाली एक अख्खं शेतकऱ्यांचं गाव निघालं. ते इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ला वसलं आणि सुमारे ७०० पर्यंत नांदलं. सव्वाशेहून अधिक घरं उजेडात आली. आधीची घरं मोठी, चौकोनी, बरकतीच्या माणसांची वाटावीत अशी. नंतरची लहान, गोल, झोपडीवजा. असं का झालं? पाऊस कमी झाला, शेती बसली आणि माणसं पुन्हा जनावरांमागं फिरायला लागली, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या गावकऱ्यांनी नदीचं पुराचं पाणी वळवून घ्यायला चर खणला होता आणि दगडमातीचा बांधही घातला होता. म्हणजे घोडच्या काठी पाट काढायची हिकमत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. ते जव पिकवत, गहू आणि डाळी पिकवत. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातच जमिनीखाली पुरत. आईच्या पायाखालून लेकरू लांब जाऊ नये, असंच त्यांच्या मनात असावं असं मला वाटतं. एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी सापडली, तिच्यात मस्तक नसलेली देवीची मूर्ती आणि सोबत मातीचा बैल. बैलाच्या बाजाराच्या गावानं हे पाहायला नको का?

आज इनामगावात उघडं फारसं काही दिसत नाही, उत्खननाचे खड्डे बुजवले जातात. म्हणून त्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर, उभं राहून हे सगळं सांगणारा माणूस सोबत असला पाहिजे, आणि तो माणूस तुम्हीच व्हा. सापडलेल्या वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत, त्या कधीतरी पुण्याच्या कामाला जोडून पाहून घ्या. रानात खापरं, मणी, गारगोटीची धारदार पाती दिसली तर खिशात घालू नका. वस्तू जागेवर असते तेव्हाच ती काही सांगते. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. घोड आणि भीमेच्या काठचा वाळूउपसा आपण सगळे डोळ्यांनी पाहतो. त्या वाळूबरोबर अशा किती पांढऱ्या ढासळत असतील, याचा विचार वाळूची ट्रॉली मागवताना मनात आणा.

शिरूरवरून कुकडीच्या काठानं वर गेलात की निघोज. नदीच्या एका काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या काठाला शिरूर तालुक्यातली टाकळी हाजी, दोन्हीकडं मळगंगेची देवळं आणि मधे काळ्या कातळात खोल कोरलेली नदी. रांजणखळगे म्हणून ही जागा जगाच्या नकाशावर गेली. पुराच्या भोवऱ्यात दगडगोटे सापडतात, एकाच जागी गरगर फिरत राहतात आणि हजारो वर्षांत कातळाला रांजणासारखी भोकं पाडतात. काही रांजण एकमेकांत मिसळून मोठ्या घळी झाल्या आहेत. ज्या पाण्यानं हे केलं तेच पाणी पुढं आपल्याकडं येतं.

निघोजला एक गोष्ट काटेकोर पाळा. पाण्यात उतरू नका. वरून हिरवं, शांत दिसणारं पाणी खाली किती खोल आहे ते दिसत नाही आणि गुळगुळीत कातळावर हाताला धरायला काही नसतं. पोहता येणारी माणसंही अशा जागी बुडतात. फोटोसाठी रांजणाच्या ओठावर उभं राहणाऱ्या आपल्या पोराला मागं ओढा, मग तो रुसला तरी चालेल. धरणातून पाणी सोडलेलं असताना कातळावर जाऊच नका.

निघोजहून जुन्नरकडं जाताना कल्याण-नगर रस्त्यावर अणे घाटाजवळ गुळुंचवाडी लागते. तिथं ओढ्यानं कातळाखालून वाट काढली आणि वर दगडाचा नैसर्गिक पूल शिल्लक राहिला. अर्ध्या तासाचं काम आहे, उतरून पाहा.

आता बोरी. गाव जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठावर. या गावाचं नाव जगभरातल्या भूगर्भशास्त्रज्ञांना ठाऊक आहे आणि शंभर किलोमीटरवरच्या आपल्याला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथं नदीकाठच्या मातीत राखाडी-पांढऱ्या राखेचा थर आहे. ही राख आपल्या जुन्या लाव्ह्याची नाही. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर टोबा नावाचा ज्वालामुखी आहे. आज तिथं सुमारे शंभर किलोमीटर लांबीचा तलाव दिसतो, तो तलाव म्हणजे त्या ज्वालामुखीचं खचलेलं तोंड. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी त्याचा स्फोट झाला, माणसाच्या काळातल्या सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी एक. त्याची राख समुद्र ओलांडून तीन हजार किलोमीटरहून लांब हिंदुस्थानभर पडली. बोरीची राख त्याच स्फोटाची, असं बरेच अभ्यासक मानतात. काहींच्या मते ती याहून कितीतरी जुनी आहे. वाद साधा नाही, कारण त्याच थरांच्या आसपास आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत आणि राखेचं वय ठरलं की कुकडीकाठी माणूस कधीपासून राहतो हे ठरायला मदत होते.

तुमच्या पाटाला जे पाणी येतं, त्याच्या काठी हातकुऱ्हाड घेऊन कुणीतरी उभं होतं आणि आभाळातून राख पडत होती. मुलांना हे तिथं, त्या थरासमोर सांगा. थराला हात लावून उकरू मात्र नका. चार-पाच माणसांनी रोज मूठमूठ नेली तर काही वर्षांत दाखवायला काही उरणार नाही. गावातल्या जाणत्या माणसाला विचारून, त्याला सोबत घेऊन जा. जमीन कुणाची तरी आहे, उभ्या पिकातून चालू नका. बोरीपासून खोडद फार लांब नाही. तिथं आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड अँटेना रानात उभ्या आहेत. बाहेरून दिसतात तेवढ्याही मुलांना पुरतात.

येडगावचं धरण याच टापूत आहे. इथून निघणारा कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत जातो. आवर्तन कधी सुटणार यावर आपल्याकडं चहाच्या टपरीपासून मोर्चापर्यंत बोलणं होतं. ज्या धरणावरून एवढं भांडलो ते एकदा डोळ्यांनी पाहावं आणि त्याच्या वरच्या अंगाला राहणारी माणसंही पाहावीत. आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचा हंडा किती लांबून आणावा लागतो, हे पाहून आलेला माणूस पाण्यावर जरा वेगळं बोलतो.

जुन्नरला मुक्काम करा. शिवनेरीबद्दल मी काय सांगणार? १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजी महाराज तिथं जन्मले, आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यात शिवनेरी आहे. त्याच डोंगराच्या पोटातली लेणी मात्र बहुतेक लोक न पाहता परततात. जुन्नरच्या भोवती शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री मिळून दोनशेहून अधिक खोदकामं आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडं क्वचितच असतील. आपला अष्टविनायकातला गिरिजात्मज लेण्याद्रीच्या एका विहारातच बसलेला आहे. शेजारच्या चैत्यगृहावरचा लेख पाहा: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त यानं दान दिल्याचं त्यावर कोरलं आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या लेण्यांत स्वतःला यवन म्हणवणाऱ्या माणसांची दानं आहेत, एकानं पाण्याची टाकी खोदवली. कल्याणचा माणूस घाट चढून इथं आला, समुद्रापलीकडून आलेल्या घराण्यांतल्या माणसांनीही इथल्या दगडाला पैसा लावला. सह्याद्री ही भिंत आहे असं आपण समजतो, त्यांनी ती वहिवाट केली होती.

त्या वहिवाटेचं दार म्हणजे नाणेघाट. जुन्नरहून घाटघरपर्यंत रस्ता आहे. आपली गाडी नसेल तर एसटीच्या वेळा आदल्या दिवशी स्थानकात विचारून ठेवा. जाताना वाटेत पूर गावाला कुकडेश्वराचं जुनं देऊळ आहे, तिथं कुकडीचा उगम मानतात. दोन मिनिटं त्या पाण्याशी थांबा. चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले आजूबाजूला उभे आहेत, ते या घाटाची राखण करायचे.

घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात. थोडं खाली उतरलं की कातळात खोदलेली गुहा. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. तिनं आणि राजा सातकर्णीनं केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी त्यात आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांत. हिंदुस्थानात कोरलेल्या सर्वांत जुन्या आकड्यांमध्ये हे आकडे मोजतात. जनावरांचा हिशोब ठेवणाऱ्या आपल्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वीची ही जनावरांची मोजदाद पाहायला जावी, असं मला फार वाटतं. समोरच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा आणि वर नावं उरली आहेत. मूर्ती गेल्या, पण अक्षरं टिकली आहेत. त्यांच्या शेजारी खडूनं, खिळ्यानं आपलं नाव लिहिणाऱ्याला तिथल्या तिथं अडवा. भांडण झालं तरी चालेल.

आता गुहेच्या बाहेर येऊन पठाराच्या कडेला या, पण काठापासून दहा पावलं आत राहा. इथं पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. कड्याच्या पुढं पडलेला थेंब काळू आणि उल्हास नदीतून खाडीला, शंभर किलोमीटरच्या आत अरबी समुद्रात पोचतो. तुमच्या पाठीमागं पडलेला कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असा सगळा देश हिंडून बंगालच्या उपसागराला मिळतो, आणि त्या लांबच्या वाटेवर काष्टी आहे. समुद्र इतका जवळ असताना आपल्या नद्या पाठ फिरवून पूर्वेला गेल्या म्हणूनच देशावर शेती झाली. भूगोलाच्या पुस्तकातलं हे वाक्य पाठ करण्यापेक्षा त्या कड्यावर एकदा उभं राहिलेलं बरं.

पावसाळ्यात इथं वाऱ्यानं धबधबा उलटा वर उडतो आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. पहिल्या खेपेला तेव्हा जाऊ नका. धुक्यात लेख दिसत नाही, कड्याचा काठही दिसत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी जुन्या फरसबंदीनं खाली वैशाखऱ्याकडं चालत उतरावं, सकाळी लवकर, माणशी दोन लिटर पाणी घेऊन. म्हाताऱ्या माणसांना आणि गाडीला माळशेजमार्गे खाली पाठवा, मुरबाड रस्त्याला सगळे भेटतील. ज्या वाटेनं तुम्ही उतराल त्या वाटेनं कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून वर आलं आणि देशावरचं धान्य खाली गेलं.

पुढं कल्याण. शहराच्या गर्दीला घाबरून थेट किनारा गाठू नका, खाडीवर दुर्गाडीपर्यंत या. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठ्यांची जहाजं बांधायला लागली. डोंगरावर जन्मलेल्या माणसानं समुद्राचा विचार केला तो इथं. वेळ असेल तर नालासोपाऱ्याचा स्तूप पाहा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, आणि अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. ग्रीक दर्यावर्दी ज्या बंदरांची नावं लिहून गेले त्यांत कल्याण आणि सोपारा दोन्ही आहेत. मग वसईच्या किनाऱ्यावर जा आणि पोरांना हवं तेवढं पाण्यात खेळू द्या.

एक शेवटचं मागणं गावातल्या शिक्षकांना आणि पालकांना आहे. शाळेची सहल ठरते तेव्हा वॉटर पार्कचं नाव पहिलं येतं, कारण बस कंपनीचा माणूस तेच सुचवतो. एक वर्ष तरी लहान वर्गांना पेडगाव आणि इनामगाव, मधल्यांना निघोज आणि बोरी, नववी-दहावीला जुन्नर आणि नाणेघाट असं वाटून पाहा. सहलीची ठरवाठरव दिवाळीनंतर सुरू होते. त्याआधीच पालकसभेत हा विषय काढा, आणि मुख्याध्यापकांना भेटायला जाताना गावातल्या विहीर खोदणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसालाही सोबत न्या. इनामगावला मुलांपुढं उभं राहून दगडाचे थर सांगायला तोच लागेल.